सव्वीस जणांचा क्षय

संतरीनं सर्जेराव निकमला सहाव्यांदा हिरवी पट्टी दिली, तेव्हा त्याच्या मानेतली गाठ बोराएवढी होती. तीन महिन्यांनी ती लिंबाएवढी झाली, आणि सातवी पट्टीही हिरवीच निघाली.

संतरी हे त्या यंत्राचं खरं नाव नव्हे. सरकारी कागदावर ते 'प्रहरी' होतं. पण रणखळे गावात घरटी एक तरी माणूस फौजेतून आलेला. तिथं पहाऱ्यावर उभा राहतो तो संतरी, दुसरा शब्द लोकांच्या तोंडात बसला नाही. दोन हजार सदतीस साली तालुक्याच्या माजी सैनिक दवाखान्यात ते कपाटाएवढं पांढरं धूड आणून ठेवलं. दर तीन महिन्यांनी म्हाताऱ्या सैनिकानं जायचं, दंडातून चमचाभर रक्त द्यायचं, बाहेरच्या बाकावर चहा प्यायचा. कप रिकामा होतो न होतो तोच यंत्राच्या फटीतून कागदी पट्टी बाहेर यायची. हिरवी म्हणजे घरी जा. पिवळी म्हणजे महिन्यानं ये. लाल म्हणजे पुण्याच्या इस्पितळाची गाडी. अंगात कुठंही कर्करोगानं मूळ धरलं तर संतरी दोन वर्षं आधी सांगतो, अशी त्याची ख्याती. रणखळ्यातले एकशे बारा माजी सैनिक तीन वर्षं हिरवेच निघत होते. लोक ती पट्टी दाराच्या चौकटीला तोरणासारखी चिकटवत.

सर्जेराव तपासणीला जायला लागला तो दीड वर्ष उशिरा. त्याच्या चौकटीला सात पट्ट्या होत्या, आणि सर्जेराव पुण्यात इस्पितळाच्या खाटेवर होता.

त्याच्या उशाशी हिंदुराव साळुंखे बसला होता. दोघं एका शाळेतले, एका भरतीतले. सर्जेराव फौजेत ट्रक चालवायचा, आणि हिंदुराव फौजेच्या इस्पितळात नर्सिंग असिस्टंट होता, हवालदार म्हणून निवृत्त झालेला. एकाहत्तरी उलटली तरी गावात कुणाचं पोट दुखलं की आधी हिंदुरावाला हाक जायची आणि मग डॉक्टरला. पुण्याच्या डॉक्टरांनी नुकतंच सांगितलं होतं की मानेतली गाठ म्हणजे रसग्रंथींचा कर्करोग आहे, आणि तो पोटापर्यंत पोचलाय.

"संतरी झोपला की रं पहाऱ्यावर," सर्जेराव म्हणाला. "आपल्या वेळी झोपलेल्या संतरीला काय करायचे?"

"भरलेला पिठ्ठू पाठीवर टाकून पळवायचे."

"मग पळव त्या कपाटाला."

हिंदुरावाला हसू आलं नाही. त्याला एक शंका येत होती, आणि तिची खात्री करून घ्यायला तो दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या दवाखान्यात गेला.

तिथल्या डॉक्टर रुकसाना मुजावर. वय पस्तिशीचं, आवाज हळू, पण रागावल्या की आणखी हळू होणारा. आपल्या आजाराबद्दल हिंदुरावाला सगळं सांगावं, असं सर्जेरावानं त्यांना लिहून दिलेलं होतं. त्यांनी हिंदुरावाला खुर्ची दिली आणि पडदा त्याच्याकडं वळवला.

"काका, हे बघा. दीड वर्षापूर्वीचं रक्त," त्या म्हणाल्या. "यात तो आहे."

मग त्यांनी समजावून सांगितलं. शरीरातल्या पेशी रोज मरतात आणि मरताना आपले बारीक तुकडे रक्तात सोडतात. तुकडा फुफ्फुसातला की यकृतातला की गाठीतला, हे त्याच्यावरच्या खुणांवरून कळतं, आणि पेशी बिघडलेली असेल तर तेही कळतं. संतरी हे तुकडे वाचतो. पण सत्तरीच्या माणसाच्या रक्तात बिघडलेले चार तुकडे असतातच. प्रत्येकाला लाल पट्टी दिली तर सगळा तालुका पुण्याला न्यावा लागेल. म्हणून यंत्र त्या माणसाची जुनी फाईल उघडून बघतं. विडी ओढणारा असेल तर फुफ्फुसाच्या तुकड्यांकडं जास्त संशयानं बघतं. आणि एखाद्याला पूर्वी गाठींचा क्षय होऊन गेला असेल, तर त्याच्या गाठींतून येणाऱ्या खुणा जुन्या व्रणाच्या समजून सोडून देतं. लाखो सैनिकांच्या फायली वाचून ते हे शिकलं होतं.

"निकमकाकांच्या फायलीत लिहिलंय, दोन हजार तीन, मानेच्या गाठींचा क्षय. त्या एका शब्दामुळं यंत्रानं ही खूण दीड वर्ष सोडून दिली. पण पुण्याला गाठीचा तुकडा तपासला तर क्षयाचा मागमूस नाही. रक्तात मात्र एचआयव्ही आहे, आणि तो तेव्हापासूनचा असणार. फायलीत खरं असतं, तर हीच खूण यंत्राला पहिल्याच वेळी लाल दिसली असती."

हिंदुरावानं विचारलं की गोळ्या घेऊनही हे होतं का. त्या म्हणाल्या, गोळीनं विषाणू झोपतो आणि माणूस चांगला नव्वदीपर्यंत जगू शकतो. पण गोळी सुरू होण्याआधी शरीरातल्या राखणदार पेशी किती कमी झाल्या होत्या, ते शरीर पुढंही विसरत नाही. जंतूंना अडवतात त्याच पेशी नव्या कर्करोगालाही कोवळा असतानाच खुडतात. गोळी जितकी उशिरा, तितकं कुंपणाला भगदाड मोठं. असे सैनिक चाळिशी-पन्नाशीत ठणठणीत दिसतात, आणि म्हातारपणी त्या भगदाडातून कर्करोग आत येतो. गाठींत, यकृतात, फुफ्फुसात, गुदद्वारात.

"आणि निकमकाकांना गोळी तीन वर्षं उशिरा मिळाली. कागदावर क्षय, म्हणून तीन वर्षं क्षयाचंच औषध. हे ज्यानं कुणी लिहिलं ना काका, तो मला एकदा भेटायला हवा."

हिंदुराव पडद्याकडं बघत होता. जुन्या फायलीचं पान जसंच्या तसं दिसत होतं. 'क्ष'ची गाठ मारून शेपूट खाली ओढायची त्याची सवय. गावच्या शाळेतल्या मास्तरांनी त्या शेपटापायी त्याला छड्या मारल्या होत्या.

"भेटला," तो म्हणाला. "मी लिहिलं ते."

*

त्या वेळी ते लिहिणं म्हणजे पुण्य वाटलं होतं.

पलटण पूर्वेच्या टोकाला होती, डोंगर आणि चिखल. पलटणीत भरती सगळी याच खोऱ्यातली. तपासणीत एकाचं रक्त वाईट निघालं, मग दुसऱ्याचं, मग चौघांचं. कुणाला ते रक्ताच्या बाटलीतून आलं असेल, कुणाला सुईतून, कुणाला बाजारातल्या बाईकडून. पण वाईट रक्ताच्या माणसाकडं सगळ्यांनी एकाच नजरेनं बघायचं, अशी तेव्हाची रीत. त्याला पलटणीतून काढून लांबच्या इस्पितळात टाकायचे. नोकरी तोडणाऱ्या वैद्यकीय बोर्डापुढं उभं करायचे. तो गावी पोचायच्या आत बातमी गावी पोचायची, आणि मग त्याच्या बहिणीचं लग्न मोडायचं, आणि विहिरीवर त्याच्या बायकोचा हंडा वेगळा ठेवायचे.

इस्पितळाचे मेजर साहेब दिलदार माणूस. त्यांनी हिंदुरावाला बोलावलं आणि सांगितलं की जवानांची इज्जत आपल्या हातात आहे. रजिस्टरमध्ये क्षय लिहायचा. क्षयाला सुट्टी मिळते, दूध-अंडी मिळतात, आणि गाव नाक मुरडत नाही. खालची सही साहेबांची, वरचं अक्षर हिंदुरावाचं. दोन वर्षांत अशा सव्वीस फायली झाल्या. पंचवीस जणांनी त्याचे पाय धरले होते. सव्विसावी फाईल त्याची स्वतःची.

त्याला ते कशानं झालं हे त्यालाही पक्कं ठाऊक नव्हतं. बोटाला सुया दहादा टोचल्या होत्या. बाजारातही तो एकदा गेला होता.

पुढं फौजेतून सुटल्यावर ते सव्वीस जण गोळ्या घ्यायला लांब कोल्हापूरच्या सरकारी केंद्रात जात. गावात सांगत, अंबाबाईला चाललो. रणखळ्यासारखी देवीची भक्ती पंचक्रोशीत नाही, असं लोक म्हणत. केंद्राच्या बाकावर हे लोक एकमेकांशेजारी बसत आणि ओळख देत नसत. पण घरात लग्न निघालं की पहिली पत्रिका देवाला आणि दुसरी हिंदुरावाला. दिवाळीचा पहिला फराळ त्याच्याकडं. का, हे बायकामुलांनाही ठाऊक नसे. इतकी वर्षं हिंदुरावानं तो फराळ मानानं खाल्ला.

संतरी परवलीचा शब्द विचारतो. तो बरोबर सांगितला की शत्रूसुद्धा आत येतो. तो शब्द हिंदुरावानं आपल्या हातानं लिहून दिला होता, सव्वीस वेळा, वळणदार अक्षरात.

*

डॉक्टर मुजावर त्याच्यावर ओरडल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं की सव्विसांतले किती हयात आहेत. अकरा, तो म्हणाला, मी आणि सर्जा धरून. गेलेल्या पंधरातले किती गाठीनं गेले? त्यानं बोटांवर मोजलं. सात. गाव म्हणायचं, तंबाखूनं गेले.

मग त्यांनी टेबलाच्या खणातून एक पत्र काढून दाखवलं. त्यांनी यंत्रवाल्या कंपनीला लिहिलं होतं की एचआयव्ही असलेल्या सैनिकांसाठी यंत्राचा संशय वाढवा. कंपनीचं उत्तर होतं, आमच्या आकड्यांप्रमाणे सैनिकांमध्ये एचआयव्हीमुळं कर्करोग फारसा वाढत नाही.

"वाढणार कसा?" डॉक्टरांचा आवाज अगदी खाली गेला. "ज्यांना कर्करोग झाला ते सगळे तुम्ही क्षयाच्या रकान्यात टाकलेत. आणि तुम्ही एकटेच होतात का? दर इस्पितळात एखादा दिलदार साहेब आणि एक चांगल्या अक्षराचा हवालदार असेल. तुमचं खोटं यंत्रानं पाठ केलं, आणि आता तेच ते खऱ्याच्या तोंडावर फेकतंय. ज्यांनी प्रामाणिकपणे लिहून दिलं, त्यांनाही ते हिरवी पट्टी देतंय."

हिंदुराव म्हणाला, बाकीच्यांची नावं आत्ता देतो, लिहून घ्या. त्यांनी हात आडवा केला. कायद्यानं दुसऱ्याचा आजार सांगताही येत नाही आणि ऐकताही येत नाही. ज्यानं त्यानं स्वतः येऊन दुरुस्ती अर्जावर सही करायची. सही झाली की त्या माणसाचं साठवलेलं रक्त यंत्र त्याच दिवशी नव्यानं वाचेल. नऊ जण हिंडते-फिरते आहेत. त्यातल्या कुणाच्या रक्तात आत्ता काय पडलंय ते देव जाणे. आणि एका गावातून दहा-अकरा दुरुस्त्या गेल्या, तर कंपनीला यंत्राची शाळा पुन्हा भरवावीच लागेल.

हिंदुरावानं स्वतःचा अर्ज मागितला. डॉक्टरांनी दिला. मग त्याच्या लक्षात आलं की खाली आणखी एक रकाना आहे: जोडीदाराची तपासणी झाली आहे का. तो अर्ज घडी करून खिशात घालून घरी आला.

शेवंता, त्याची बायको, पडवीत पावटे सोलत होती. त्यानं सगळं सांगितलं. माझं नाव बाहेर आलं की तुझंही येणार, म्हणून तुला विचारतो, असंही म्हणाला.

"आता विचारताय," शेवंता म्हणाली.

ती पावटे सोलत राहिली. हिंदुरावाला वाटलं एवढंच बोलणार. पण ती इतक्या वर्षांत जे बोलली नव्हती ते बोलली, आणि आवाज न चढवता बोलली.

"तुमच्या कागदावर क्षय होता, म्हणून मला कुणी तपासलं नाही. मी म्हणायची, धनी खोकत्यात, दूध प्या. सुमी पोटात होती तेव्हा मला तपासलं असतं तर एका गोळीवर ती वाचली असती, हे मला कोल्हापूरच्या बाईंनी सांगितलं. अकरा महिन्यांची गेली. तिच्या कागदावर न्यूमोनिया लिवला. कुणी सांगितला? तुम्ही. पोरीचं मरणसुद्धा तुम्ही खरं लिवू दिलं न्हाई."

"शेवंता—"

"मेजरनं इज्जत राखली म्हणता. कुणाची? माझी इज्जत त्यात कुठं होती ते दाखवा." तिनं सालपटं सुपात झटकली. "मी हो म्हणायची न्हाई. नाही पण म्हणायची न्हाई. तुम्ही आधी उभे राहा. मग माझं मी बघते."

*

हिंदुराव नऊ जणांकडं गेला. कुणाकडं शेतात, कुणाकडं मुलाच्या दुकानात, जिथं तो एकटा सापडेल तिथं. गाठीची गोष्ट सांगितली, सर्जेरावाचं नाव न घेता. एक म्हणाला, नातीचं ठरतंय, उन्हाळ्यानंतर बघू. एक म्हणाला, मला रोग आहे हे माझ्या सुनेला कळण्यापेक्षा मी गाठीनं मेलेला बरा. एकानं हात जोडून रडून घेतलं आणि सही केली नाही. खालच्या आळीतला कोंडीराम फडतरे, एके काळचा कुस्तीगीर, त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हवालदार, शेण तू लिवलंस, तूच पुस." आणि दार लावलं. दारावर बारा हिरव्या पट्ट्या होत्या.

हिंदुरावानं मेजर साहेबांनाही फोन लावला. साहेब आता अठ्ठ्याऐंशी वर्षांचे, डेहराडूनला मुलीकडं. त्या फायली माझ्या हुकुमानं झाल्या, अशा दोन ओळी साहेबांनी लिहून दिल्या असत्या तरी पुष्कळ झालं असतं. साहेबांना त्याचं नाव आठवलं, आवाज मायेनं भरला, आणि सगळं ऐकल्यावर ते म्हणाले, "हिंदुराव, हमने तो तुम लोगों की इज्जत बचाई थी." हिंदुरावानं खुर्चीतून उठून, एकाहत्तरीत, फोनसमोर सावधान उभं राहून सांगितलं, "साब, इज्जत बच गयी. आदमी मर गये." पलीकडं मुलीनं फोन घेतला आणि बाबांना त्रास देऊ नका म्हणाली.

उरला सर्जेराव. त्याला गावी परत आणलं होतं. पुण्याच्या डॉक्टरांनी हात टेकले होते. तो सही करायला तयार होता. पण त्याचा मुलगा प्रताप सुभेदार होता, नुकताच पेन्शनीत आलेला, गावच्या माजी सैनिक संघटनेचा अध्यक्ष. त्याच्या मुलीची सुपारी फुटायची होती. प्रताप बापाच्या पायाशी बसून म्हणाला, आबा, दिवाळी होऊ द्या. सर्जेराव हिंदुरावाकडं बघून म्हणाला, "दिवाळी झाली की लगेच करतो रं. पेन तुझंच आण."

दिवाळीच्या पाडव्याला सकाळी तो गेला.

पेन हिंदुरावाच्या खिशात होतं. तिरडी बांधायच्या आधी प्रतापनं त्याला परड्यात बाजूला घेतलं. गावच्या डॉक्टरकडून दाखला घ्यायचा होता आणि डॉक्टर कारण विचारत होता. प्रतापचे डोळे लाल होते. तो काही वाईट माणूस नव्हता.

"काका, तुमचा शब्द डॉक्टर मानतो. जुना क्षय उलटला म्हणून सांगा. आबांची इज्जत तुमच्या हातात आहे."

तेच शब्द. मेजर साहेबांनी हिंदुरावाला सांगितलेले. त्याला वाटलं या पोराला एक मुस्कटात ठेवून द्यावी, आणि त्याच वेळी वाटलं की ती आपल्याच थोबाडात बसायला हवी; कारण हा शब्द ह्या गावात पेरला कुणी?

"प्रताप, मी नाही सांगणार."

"मग मी सांगतो," प्रताप म्हणाला, आणि गेला.

दाखल्यावर 'जुन्या क्षयाची गुंतागुंत' आलं. दाखला संगणकात गेला, तिथून सर्जेरावाच्या फाईलला जोडला गेला, आणि फाईल जाऊन पोचली ती यंत्राकडं. डॉक्टर मुजावरांनी हिंदुरावाला पडद्यावर दाखवलं. पुण्याचा अहवाल एका बाजूला. रुग्णाची सही नाही म्हणून तो फाईलला जोडता येत नव्हता. दुसऱ्या बाजूला संतरीची नोंद: सात वेळा हिरवी, मृत्यू कर्करोगानं नाही, अंदाज बरोबर.

"शिकलं ते," डॉक्टर म्हणाल्या. "निकमकाकांकडून पण शिकलं. पुढच्या माणसाच्या गाठीकडं आता आणखी कमी बघेल."

माणूस मेला की खोटं तरी मरतं, अशी हिंदुरावाची समजूत होती. इथं माणूस जळून गेला, आणि खोटं नोकरीला लागलं.

*

डिसेंबरच्या सात तारखेला, ध्वज दिनाला, गावात कार्यक्रम होता. हुतात्मा स्तंभासमोरच्या मैदानात मंडप, खुर्च्या, पुढं पदकं लावलेले म्हातारे, उजव्या बाजूला बायका. स्तंभाच्या चौथऱ्याला नवी संगमरवरी पाटी बसवली होती आणि तिच्यावर कापड होतं. यंत्रवाल्या कंपनीचा एक अधिकारी खास आला होता. राज्यातलं पहिलं शंभर टक्के हिरवं गाव: एकशे बारा माजी सैनिक, तीन वर्षं, एकही कर्करोग निसटला नाही. सर्जेराव त्या एकशे बारांत धरलेला होता.

दोरी ओढायचा मान हिंदुरावाचा. गावाच्या तब्येतीची ज्यानं आयुष्यभर काळजी वाहिली, असं प्रतापनं माइकवरून सांगितलं. हे सांगताना त्यानं काकाच्या डोळ्यांत बघितलं नाही.

हिंदुराव पुढं गेला. दोरी हातात घेतली. ओढली नाही.

"दोन शब्द बोलतो," तो म्हणाला. "ही पाटी खोटी आहे. दुसऱ्या कुणाचं मी बोलणार नाही, तो मला हक्क नाही. माझं सांगतो. माझ्या फायलीत क्षय लिहिलाय. तो मीच लिहिला. मला क्षय कधी झाला नाही. मला एचआयव्ही आहे. सदतीस वर्षं. मी अंबाबाईला जात नाही, गोळ्या आणायला जातो."

मंडपात कुणीतरी खुर्ची सरकवली. कंपनीचा अधिकारी प्रतापकडं बघू लागला. माइक बंद झाला. हिंदुरावाला त्याची गरज नव्हती. परेड ग्राउंडवर त्याचा आवाज तोफखान्यापर्यंत जायचा.

"असा क्षय मी सव्वीस जणांना लिहून दिला. तुमच्या भल्यासाठी लिहिला असं मी म्हणायचो. त्या क्षयाच्या आडून गाठ आली. आधी डॉक्टर फसले, मग संतरीनं तिला सलाम ठोकून आत सोडलं. सात माणसं मी मोजलीत. आठवा माझ्या हाताला धरून गेला. अजून नऊ आहेत, इथंच बसलेत, माझ्याकडं बघत नाहीत. माझा राग यंत्रावर नाही. त्याला आपण जे शिकवलं ते ते शिकलं. माझा राग माझ्या ह्या हातावर आहे, आणि आता तुमच्यावर आहे. तुमची नातवंडं हिरव्या पट्ट्या मोजतात आणि तुम्ही आत कुजताय, आणि तुमच्या मागून दुसऱ्या गावची माणसं तुमच्या खोट्यापायी मरणार आहेत. तेही सैनिकच आहेत. मी सोमवारी नऊ वाजता दवाखान्याच्या दारात उभा आहे. सही करायची, रक्त पुन्हा वाचून घ्यायचं. एवढंच."

स्तंभावरच्या झेंड्याची दोरी काठीवर टकटक वाजत होती. प्रताप पुढं आला, काका चला म्हणाला, आणि त्यानं हिंदुरावाच्या दंडाला धरलं. हिंदुरावानं दंड सोडवून घेतला. त्याला आता काय करावं सुचेना. बोलून झालं होतं आणि काहीच हललं नव्हतं. कोंडीराम फडतरे तिसऱ्या रांगेत आपल्या काठीच्या मुठीकडं बघत बसला होता. मग हिंदुरावाच्या अंगानं जे फौजेत वर्षानुवर्षं केलं होतं ते केलं. तो रांगांकडं पाठ करून झेंड्याकडं वळला. टाचा जुळल्या. हनुवटी वर गेली.

"गिनती कर," त्यानं हुकूम दिला, आणि स्वतःच पहिला आकडा म्हटला. "एक."

गिनतीत नावं घेत नाहीत. आपला आकडा आपण म्हणायचा, पुढचा पुढच्यानं.

पाटीवरचं कापड वाऱ्यानं फुगलं आणि खाली बसलं. मागं एक मूल काहीतरी विचारत होतं आणि त्याची आई त्याला गप्प करत होती. हिंदुरावाला आपल्याच छातीचे ठोके मोजता येत होते. आठ झाले, नऊ झाले.

"दोन."

आवाज उजवीकडून आला, बायकांमधून. शेवंता उभी राहिली होती. पदर खांद्यावर, हात बाजूला.

"माझी फाईल कुणी केलीच न्हाई," ती म्हणाली. "पण आकडा माझाबी आहे."

ती बसली नाही. कुणी तिला खाली ओढलंही नाही. प्रतापचा हात हवेतच राहिला.

मग मागं, रांगांच्या मध्यात कुठंतरी, लाकडी काठी जमिनीवर टेकल्याचा आवाज झाला. एक जड शरीर खुर्चीतून उठलं. खुर्ची मागं पडली.

"तीन," कुणीतरी म्हणालं. बसका, रागावलेला आवाज. शिवी दिल्यासारखा.

हिंदुरावानं आवाज ओळखला. पण गिनती चालू असताना मान वळवायची नसते. तो झेंड्याकडं बघत राहिला आणि चारची वाट बघू लागला.